सासूबाईंसाठी बिनहाडाची कोंबडी

सुसंस्कृत कुटुंबाने स्वतःची हाडे अंगात ठेवावीत आणि कोंबडीची ताटाबाहेर, याविषयी विचारवंतांत दुमत नाही. (आम्ही त्यांना विचारलेले नाही, पण दुमत असते तर ते एव्हाना बोलले असते.)

आमच्या वरच्या मजल्यावरचे उपसंचालक या मताचे खंदे पुरस्कर्ते. सासूबाईंना नवी कवळी बसली होती आणि रविवारी त्या लेकीकडे जेवायला येणार होत्या. उपसंचालकांनी घोषणा केली: कोंबडी अख्खी, पण आत हाड नाही.

"अहो, दुकानदार देतो की हाडं काढून," पत्नी म्हणाली.

"तो तुकडे करतो. मला सलग हवी. दिसायला जशीच्या तशी."

"त्यापेक्षा मी खिमा करते ना."

या सूचनेची नोंद घेण्यात आली.

पद्धत सोपी आहे. कण्यालगत उभी चीर द्यायची, सुरीचे टोक हाडाला चिकटवून मांस खरवडत खाली जायचे, मांडीचा सांधा निखळवायचा आणि मोज्यातून पाय काढावा तसा सांगाडा अलगद बाहेर घ्यायचा. उपसंचालकांचा पाय मोज्यातच अडकला. छातीचे हाड अर्धेच हाती लागले. उरलेल्या अर्ध्याचा तपास जेवणाच्या वेळेपर्यंत सुरू होता. बहुतांश हाडे निघाली. (बहुतांश म्हणजे किती, हे विचारणे शिष्टसंमत नाही.) कातडीला पडलेली भोके मुलीच्या शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याने शिवली. दोरा गुलाबी होता. भाजून बाहेर आलेला ऐवज कोंबडीपेक्षा उशीच्या जवळचा वाटत होता. पण उशीत हाड नसते, म्हणून सर्वांना धीर आला.

तटस्थ निरीक्षक म्हणून आम्हीही पानावर होतो.

सासूबाईंनी पहिला घास घेतला. कट्!

उपसंचालक वाढायचा चमचा धरून उभेच राहिले. "कशी झालीय?" एरवी तीस माणसांना धारेवर धरणारा तो आवाज अगदी बारीक झाला होता.

सासूबाईंनी काहीतरी गालात सरकवले. "लोणी आहे हो, जावईबापू! कवळीला काही कामच उरलं नाही."

मग त्यांना ठसका लागला आणि त्यांनी रुमाल काढला. पत्नीला त्याच सुमारास बटाट्याखाली काहीतरी झाकावे लागले. मुलीने खिडकीबाहेर पक्षी दाखवला आणि सगळे तिकडे पाहत असताना तिची मूठ टेबलाखाली जाऊन आली. आमचा शर्ट खिशाचा होता, हे आमचे नशीब.

शेवटी उपसंचालक स्वतः जेवायला बसले. दुसऱ्याच घासाला त्यांचा जबडा थबकला. त्यांनी आमच्या तृप्त चेहऱ्यांकडे एकवार पाहिले आणि गिळले. डोळ्यांत पाणी आले, ते निम्मे कौतुकाचे असावे.

"एकही हाड नाही ना?"

"नावालासुद्धा नाही!" आम्ही एका सुरात म्हणालो.

"मग पुढच्या रविवारी मासा!"

सासूबाईंनी कवळी घट्ट बसवली आणि म्हणाल्या, "वा!"

वाचकहो, हसा खुशाल. पण परवा ज्यांच्याकडे जेवलात, त्यांना "असं कुठे खाल्लं नव्हतं" म्हणालात ना? त्यांनी तुम्हाला पुन्हा बोलावायचे ठरवले आहे. बेत तोच आहे, खास तुमच्यासाठी.