लवंगीचं स्वतःचं खातं

"बाबा, पगार माझा आहे. कुत्री मी धुते," असं म्हणून लवंगीने कप टेबलावर असा आदळला की त्याचा कान तिच्या हातात राहिला.

लवंगी हे तिचं घरातलं नाव. वय सतरा, उंची बेताची आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. हा राग वडिलांवर गेलाय असं सगळे नातेवाईक म्हणत. वडिलांच्या मते तो तिच्या आईवर गेला होता. आई या वादात कधी पडली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी लवंगी कुत्र्यांना आंघोळ घालायच्या दुकानात काम करायची. हातभर ओरखडे आणि केसांना ओल्या कुत्र्याचा वास, ही तिची कमाई. बाकीची कमाई दुकानाच्या मालकीणबाई रोख द्यायच्या. आता बाईंनी सांगितलं होतं, यापुढे पगार खात्यात जमा होईल. खातं नसेल, तर पगार दुकानातच पडून राहील.

"खातं उघडायला नाही म्हणतोय का मी?" बाबा कपाचे तुकडे गोळा करत म्हणाले. "पण चार ठिकाणी बघून उघडायचं. मी बघतो. तू फक्त सोबत चल."

"खातं माझं आणि सोबत मी?"

"अठरा पूर्ण आहेत का तुला? नाहीत. चल."

पहिल्या बँकेत हसऱ्या चेहऱ्याचा एक तरुण होता. त्याने लवंगीला "बाळ" म्हटलं, तिथेच त्या बँकेचं भवितव्य ठरलं. तरी त्याने कार्ड दाखवलं. त्यावर पिवळं बदकाचं पिल्लू होतं आणि पिल्लाच्या डोक्यावर छत्री.

"बाळ, याच्यासोबत रंगपेटी फुकट मिळते."

"मी चाळीस किलोचं कुत्रं एकटी उचलते," लवंगी म्हणाली.

"अरे वा! आणि सर, हिने कुठेही पैसे काढले की तुम्हाला लगेच मेसेज येईल. कुठे काढले, किती काढले, सगळं."

"हे उत्तम आहे," बाबा खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे ही काय खाते, कुठे फिरते…"

लवंगी उठून बाहेर गेली. काचेचं दार ढकलायचं नसून ओढायचं होतं. ते तिने ढकलूनच उघडलं.

दुसऱ्या बँकेत व्याज जरा जास्त होतं. फक्त अठरा पूर्ण होईपर्यंत पैसे वडिलांनीच काढायचे होते.

"म्हणजे घालणार मी आणि काढणार हे?" लवंगीने विचारलं.

"काढणार म्हणजे काय खाणार आहे का मी?" बाबांचा आवाज चढला. "बापावर विश्वास नाही?"

"मागे माझ्या बक्षिसाच्या पैशांतून टाकीचा पंप आणलात!"

"त्या पंपाचं पाणी तू नाही वापरत?"

रांगेतल्या आजोबांनी मान वळवून पंप कोणत्या कंपनीचा म्हणून विचारलं. बाबांनी त्यांना सांगितलं, कंपनी चांगली आहे, मुलगी तेवढी तापट निघाली. त्यानंतर फुटपाथवर उरलेलं भांडण झालं, ते बसथांब्यापर्यंत पुरलं.

"शेवटचं," बाबा म्हणाले. "आता माझ्या बँकेत. तिथे मला सगळे ओळखतात."

तिथे त्यांना कुणीही ओळखलं नाही. काउंटरवर चष्म्यावरून बघणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्याकडे बघून वाटत होतं, यांनीही आज सकाळी घरी एखादा कप आदळलाय. लवंगीला त्या लगेच आवडल्या.

"जॉइंट खातं. मुलगी आणि मी," लवंगी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले.

"सही करा."

बाबांनी सही केली. मॅडमनी ती पडद्यावरच्या सहीशी ताडून पाहिली. "जुळत नाही."

आता बाबा होते लिफ्ट तपासनीस. दिवसभरात इतक्या लिफ्टमध्ये इतक्या चिठ्ठ्यांवर सह्या करायचे की वर्षानुवर्षं झिजून ती सही एका वाकड्या रेघेवर आली होती. बँकेकडची सही होती लग्नाआधीची. तिच्यात पूर्ण नाव होतं, आडनाव होतं आणि खाली पक्ष्यासारखा एक फराटा होता.

"परत करा."

बाबांनी परत केली. मग बसून केली, उभं राहून केली, पेन बदलून केली. फराट्याचा पक्षी कधी मासा व्हायचा, कधी चप्पल.

"अहो, माझी सही आहे! मी जिवंत उभा आहे तुमच्यासमोर!"

"उभे आहात ते दिसतंय. कोण आहात ते कळत नाहीये." मॅडमनी एक बटण दाबलं. "इतक्या वेळा चुकली की आम्हाला खातं थांबवावं लागतं. थांबवलंय."

"माझं? माझं खातं?" बाबा खुर्चीवर बसले.

मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि लवंगीकडे पाहिलं. "तुला कसलं खातं हवंय?"

हा प्रश्न सकाळपासून तिला कुणी विचारला नव्हता. क्षणभर तिचा राग कुठे ठेवावा हेच तिला कळेना.

"माझं," ती म्हणाली. "मी भरणार, मी काढणार. मेसेज माझ्या फोनवर. आणि बदक नको."

"मग वडिलांना कशाला आणलंस? पंधराच्या वरच्यांना आमच्याकडे एकट्याने उघडता येतं. रोज काढायला मर्यादा आहे, चेकबुक मिळणार नाही. चालेल?"

"खात्यात कमीत कमी किती ठेवावे लागतात? आणि अठरा झाल्यावर काय?"

"काही ठेवावं लागत नाही. अठरा झाल्यावर येऊन नवी सही द्यायची." मॅडमनी बाबांकडे एक नजर टाकली. "जपून करायची."

लवंगीचे कागद पिशवीत होतेच. थोड्या वेळात खातं झालंसुद्धा. बाबा तोवर हात मांडीवर ठेवून गप्प बसले होते.

"मॅडम," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "माझं कसं सुरू करायचं?"

"याच शाखेतल्या एका खातेदाराने तुमची ओळख पटवायची. आहे कुणी?"

"मेहुणा आहे. पण तो परगावी गेलाय."

"ही आहे की," मॅडमनी पेनाने लवंगीकडे दाखवलं.

"ती? ती लहान आहे!"

"नियमात खातेदार लिहिलंय. वय लिहिलेलं नाही." मॅडमनी कागद लवंगीपुढे सरकवला. आता त्या तिला अहो-जाहो करू लागल्या होत्या. "हे तुमचे वडीलच आहेत, अशी तुमची खात्री आहे का?"

लवंगीने पेन उचललं. बाबांकडे पाहिलं. पेन खाली टेकवलं नाही.

"खात्री पूर्ण असावी लागते?"

"पूर्ण."

"मग जरा अडचण आहे," लवंगी म्हणाली. "हे इतका वेळ गप्प बसलेत. माझे वडील असे बसलेले मी कधी पाहिले नाहीत."

"लवंगे!" बाबा खुर्चीतून असे उसळले की अख्खी बँक वळून बघू लागली. "नाटकं बंद कर आणि मुकाट्याने सही कर, सांगून ठेवतोय!"

"हां, हेच ते," लवंगी म्हणाली आणि तिने सही केली.