बिनसमुद्राचे मामू

आमच्या आजोळची चूल थंड पडायची ती मामूंच्या पोटामुळे. नानांची होडी एक, ती चालवायला माणसं लागत दोन. दुसरा माणूस म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, आमचे मामू. आणि मामूंना बोट लागायची. थोडीथोडकी नाही. होडी खाडीच्या तोंडाशी आली की पोटातलं सगळं बाहेर. मग नाना बाहेरचा गडी घेत आणि जाळ्यातल्या मासळीत त्याचा वाटा आधी जाई. उरलेल्यात नाना, नानी, मामू, आणि अब्बा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली अम्मी नि मी. ताटात नुसती पेज आली की कोणी कोणाकडे बघत नसे.

तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, घरात बोट लागणारा मुलगा. रायगडच्या किनाऱ्यावर त्यापेक्षा चोर निघालेला परवडतो. शाळेच्या वाटेवर पोरं मला विचारायची, "तुझ्या मामूनं काल कोळंबी खाल्लेली काय रे? वाळूत दिसली."

म्हणून मामू सौदीला गेले. विमानानं गेले आणि तेही अल खर्जला, जिथून समुद्र बघायचा तर गाडीत अर्धा दिवस मोडावा लागतो. तिथल्या एका डेअरीत गाई सांभाळायला लागले. त्यांच्याच पगारावर मी शिकलो, बी.एस्सी. झालो, आणि आता त्याच डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासतो. मी बी.एस्सी. आहे हे मी दर दोन वाक्यांनी सांगतो, असं मामूंचं म्हणणं. सांगतो. खानदानातला पहिला आहे, सांगणार नाही?

तर मामूंचं घड्याळ नेपाळच्या वेळेवर चालतं. सौदीच्या नाही, भारताच्याही नाही. भारताच्या पाव तास पुढे. नेपाळ त्यांनी पाहिलेला नाही. पण त्यांच्या खोलीतले बाकी सगळे नेपाळी, आणि मामू त्या देशाच्या प्रेमात पडले ते एकाच कारणानं: त्याला समुद्र नाही. "दर्याच नाय, भानगडच नाय," हे त्यांचं पालुपद. पलंगाच्या वर मक्केचं चित्र, त्याच्याखाली नेपाळचा नकाशा. नवा माणूस खोलीत आला की चहाच्या आधी भूगोल. खाली तराई, सपाट, आपल्यासारखा भात. मधे डोंगर. वर हिमाल, तिथं नुसतं बघायचं. सकाळी दहाच्या सुमारास डाळभात, संध्याकाळी पुन्हा डाळभात, आणि कंटाळा आला म्हणायची पद्धत नाही. लोकसंख्या तीन कोटींच्या आतबाहेर, "त्यातली कमावती पोरं सगळी इथं, माझ्या खोलीत". त्यांचं साल आपल्या सत्तावन्न वर्षं पुढे चालतं. मामू म्हणतात, "तिकडच्या हिशेबानं मी कधीचा मेलोय. कोण कशाला हसेल मला?"

काहीही बिघडलं, गाय आजारी पडली, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, अडकला, की ते खांदे उडवून म्हणतात, "के गर्ने?" म्हणजे काय करणार. हे ते अरबी साहेबालाही म्हणतात, आणि साहेब मान डोलावतो.

मला मात्र शरम वाटायची. रियाधला मराठी लोकांचा मेळावा होता. पुण्याकडच्या एका डॉक्टरबाईंनी मामूंना प्रेमानं विचारलं, तुम्ही कोकणातले ना, अगदी समुद्राकाठचे? मामू म्हणाले, "नाय ताई, आम्ही नेपाळकडचे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या श्रीखंडाकडे पाहिलं.

खरी शरम मात्र गावी, किनाऱ्यावर, झावळ्यांखाली झाकून ठेवलेली होती. मामूंच्या कमाईतून नानांनी नवी होडी बांधली. आमच्याकडे नवी होडी पाण्यात जाते तेव्हा घरचा थोरला मुलगा नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, उभा राहतो, आणि ती खाडीबाहेर जाऊन परत येईपर्यंत बसत नाही. मग फातिहा पढायची, खडीसाखर वाटायची. मामू रजाच घेत नव्हते. नाना दुसऱ्या कोणाला उभं करायला तयार नव्हते. दोन पावसाळे गेले. नाना आता फोनवर रागावतही नसत. एवढंच म्हणत, "लाकूड सुकतंय रे. फटी पडतात." पाण्याबाहेर राहिलेली होडी उन्हानं उकलते, हे मामूंना कोणी सांगायची गरज नव्हती. ते फोन ठेवत आणि नकाशाखाली जाऊन बसत.

अशात टेकबहादूर कायमचा घरी निघाला. हा मामूंच्या शेजारच्या पलंगावरचा, पाल्पाच्या डोंगरातला, वासरांना बाटलीनं दूध पाजणारा. इतकी वर्षं मामू त्याच्याकडून डोंगर ऐकत आले होते आणि बदल्यात त्याला समुद्र ऐकवत. समुद्र सगळा नानांचा. वादळं, फाटलेलं शीड, होडीएवढा मासा, सगळे किस्से नानांचे, फक्त नानांच्या जागी मामू. त्या खोलीत मामू मोठे तांडेल होते. टेकनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. जाण्याआधी तो पाहायचा होता, आणि तांडेलाबरोबरच पाहायचा होता.

मामू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, तुझी गाडी बिघडली असं सांग. मी म्हटलं, मी बी.एस्सी. आहे, खोटं बोलत नाही. खरं तर मला मजा बघायची होती.

दम्मामच्या किनाऱ्यावर पोचलो. टेकनं पाण्यात बोट बुडवून चाटलं, आणि खारट लागल्यावर मामूंकडे अशा आदरानं पाहिलं की जणू मीठ त्यांनीच टाकलं असावं. मग त्याला फेरी मारणारी मोटरबोट दिसली. त्याला पोहता येत नव्हतं, एकटा तो बसणार नव्हता. मामूंनी कलमा पढला आणि पाय टाकला, मागून मी.

किनाऱ्यावरची माणसं अजून ओळखू येत होती तेवढ्यात मामू पांढरे पडले. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. बोटीत एक कुटुंब होतं, त्यांच्या मुली नाक दाबून हसत होत्या. वळून पाहिलं तर टेकच्या हातात प्लास्टिकची पिशवी. ती त्यानं खिशातूनच काढली होती. एका हातानं मामूंचं कपाळ धरलेलं.

मामू धाप टाकत म्हणाले, "टेक, मैं तांडेल नहीं है. कभी नहीं था."

टेक त्यांचं तोंड पुसत म्हणाला, त्यात काय, आमच्याकडे डोंगरातल्या बसमध्ये सगळेच ओकतात. वळणंच तशी. कंडक्टर तिकिटाआधी पिशव्या वाटतो. मास्तर ओकतो, पुजारी ओकतो, नवी नवरी दागिन्यांसकट ओकते. खाली उतरून तोंड धुतात आणि डाळभात खातात.

"कोई हंसता नहीं?" मामूंनी विचारलं.

"कौन हंसेगा मामू? सबका मुंह तो थैली में है."

परतताना मामू अल खर्ज जवळ आल्यावर टेकला म्हणाले, ती पिशवी कसली, जाड असते की पातळ?

टेक गेला. मामूंनी ईदला रजा काढली, मीही त्यांच्याबरोबर गावी गेलो. होडीच्या फटी बुजवून घेतल्या. सगळा गाव किनाऱ्यावर जमला होता, मासळीसाठी नव्हे, मामूंसाठी. मी मागे माडाआड उभा होतो. मामू आले, हातात पिशव्यांचा गठ्ठा. होडीत चढणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकेक दिली, कंडक्टरसारखी. एक म्हातारा खलाशी म्हणाला, "ही काय करू रं?" मामू म्हणाले, "धर. लागली तर लागली. के गर्ने?"

नानांपुढेही त्यांनी पिशवी धरली. उभ्या आयुष्यात नानांना बोट लागली नव्हती. नानांनी ती घेतली, नीट घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

मामूंचं घड्याळ अजून नेपाळच्या वेळेवर आहे. टेक जेवायला कधी बसतो ते कळायला हवं, म्हणतात. होडी पाण्यात आहे. मामू तिच्या नाळेवर उभे राहून खाडीबाहेर गेले, दोनदा ओकले, आणि उभेच परत आले.