सिद्रामअप्पांचा देगलूर रस्ता

माझ्या सासुरवाडीच्या घराचं पुढचं दार मागच्या बाजूला आहे. गल्लीतून आत गेलात की आधी न्हाणीघर लागतं, मग म्हशींचा गोठा, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी बैठक. बैठकीपुढे ऐसपैस ओसरी, घडीव दगडाच्या पायऱ्या, वर ‘ॐ नमः शिवाय’ कोरलेली चौकट. एवढ्या थाटाच्या चौकटीतून बाहेर पाहिलं की समोर नुसतं रान.

लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा चप्पल कुठे काढावी या विचारात मी गोठ्यातच उभा राहिलो होतो. सासरे लगबगीनं आले आणि म्हणाले, “या जावईबापू. मागनं आलाव व्हय?”

मी म्हणालो, गल्ली तिकडंच आहे.

“सध्या,” ते म्हणाले.

सासऱ्यांचं नाव सिद्रामअप्पा. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामा म्हणतो. शिरूर अनंतपाळला त्यांचं भुसाराचं दुकान आणि तिथून जवळच्या गावात घर आणि शेती. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पांढरंशुभ्र धोतर. व्यवहाराला इतके पक्के की सोयाबीनचे चार दाणे दाताखाली धरून माल ओला की सुका सांगायचे आणि व्यापाऱ्याला पुढं बोलू द्यायचे नाहीत. असा माणूस आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवून बसला होता. ती गोष्ट म्हणजे शिरूर ते देगलूर हा सरळ रस्ता, जो अजून झालेला नाही.

मामा घर बांधत होते त्याच सुमारास जीपमधून काही माणसं गावात आली होती. त्यांनी रानातून दुर्बीण लावली, पांढरे दगड रोवले. त्यातला एक दगड मामांच्या नव्या घराच्या पाठीमागं पडला. रस्ता इथून निघून, उदगीरच्या खालच्या अंगाला रेल्वे ओलांडून थेट देगलूरला जाणार, असं त्या माणसांनी चहा पिताना सांगितलं. चहाचे कप उचलायच्या आत मामांनी गवंड्याला बोलावून दार फिरवायला सांगितलं. गवंड्याला वाटलं, अप्पांना ऊन लागलं.

त्या दिवसापासून घरात कचेरीची भाषा सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, स्वयंपाकघर गळतंय, पत्रे बदला, तर उत्तर यायचं, “तत्त्वतः मंजूर हाय.” जेवायला किती वेळ आहे म्हणून विचारायचे तेही “काम कोणत्या टप्प्यावर हाय?” असं. आणि कुणी रस्त्याबद्दल चेष्टा केली की त्याच्याकडं शांतपणे बघत ते दोनच शब्द बोलायचे: “सर्व्हे झालाय.”

माझं लग्नही त्या सर्व्हेतच ठरलं. आमचं देगलूरला कापडाचं छोटं दुकान आहे. मामा स्थळ बघायला आले तेव्हा माझे वडील दुकान, शिक्षण, घराणं यांवरचे प्रश्न मनात घोळवत बसले होते. मामांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी पिशवीतून नकाशाची सुरळी काढली, आमच्या सतरंजीवर पसरली आणि आमचं घर गावाच्या कोणत्या अंगाला येतं तेवढं विचारलं. नकाशावर शिरूरपासून देगलूरपर्यंत पट्टीनं ओढावी तशी सरळ तांबडी रेघ होती. महानंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, निलंग्याचं आणि लातूरचं स्थळ आलं होतं हे मला पुढं कळलं. लातूरचा मुलगा तर इंजिनिअर होता. मामांनी दोन्ही नाकारली, कारण त्या गावांना जाणारा रस्ता जुनाच राहणार होता. लग्नाच्या मांडवात ते पाहुण्यांना सांगत फिरत होते, “पोरगी लांब दिली न्हाई. सकाळी चहा घिऊन निघाली की जेवायला हितं.”

प्रत्यक्षात महानंदा चहा घेऊन निघाली की दिवस कलता माहेरी पोचायची. देगलूरहून उदगीर, तिथं गाडी बदलायची, मग शिरूर, तिथून मिळेल ती जीप आणि उरलेलं पायी. मध्ये रेल्वेचं फाटक. ते उघडं असल्याचं तिनं क्वचितच पाहिलं.

आणि मामा? मामा लग्नानंतर आमच्या घरी कधी आलेच नाहीत. दिवाळीला बोलवा, बारशाला बोलवा, एकच उत्तर: रस्ता झाला की येतो. आमच्या मुलीच्या जन्मानंतर सासूबाई आल्या, मेव्हणा आला. मामांनी सागवानी पाळणा पाठवला, पण स्वतः आले नाहीत. माझ्या आईनं हे मनाला लावून घेतलं. व्याह्यांना आमचा उंबरा कमी वाटतो, असं ती उघड म्हणू लागली. मलाही हा निव्वळ हट्ट वाटायचा.

तरी त्यांच्या रानात गेलं की मात्र तो हट्ट वाटेनासा व्हायचा. दगड रोवले तेव्हापासून मामांनी रस्त्याच्या जागेवर नांगर घातला नव्हता. सरकारच्या रस्त्यात पेरायचं कसं, हा त्यांचा सवाल. वर त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना त्यांनी कडुलिंबाची झाडं लावली. पहिली काही वर्षं घागरीनं पाणी घालून जगवली. आता त्यांचे शेंडे वर एकमेकांत गुंतलेत. भर उन्हाळ्यात, आजूबाजूची काळी जमीन भेगाळलेली असताना, तुम्ही त्या दाराच्या पायऱ्या उतरायच्या आणि गार सावलीतून चालत सुटायचं. खाली डांबर नाही, खडी नाही, नुसतं गवत. आणि दुतर्फा झाडं एखाद्या राजरस्त्यासारखी. शेजाऱ्याच्या बांधाला भिडून ती सावली तुटते. मी पहिल्यांदा त्या टोकाला उभा राहिलो तेव्हा मागं वळून घराकडं पाहिलं, आणि काय सांगू, ते घर मला पहिल्यांदा बरोबर दिशेला तोंड करून उभं आहे असं वाटलं.

रस्ता अडला होता रेल्वेपाशी. रस्तेवाले म्हणायचे, पूल होणार नसेल तर रस्ता करून काय उपयोग. रेल्वेवाले म्हणायचे, जिथं रस्ताच नाही तिथं पूल कुणासाठी? शेवटी तोड निघाली की त्या आखलेल्या पट्ट्यावरून सध्या किती वाहनं जातात ते आधी मोजावं. त्यासाठी मुदखेडचा एक सडपातळ माणूस मामांच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसला.

मामांनी आदल्या दिवशी गावात फिरून सगळा इंतजाम केला होता. दिवस उजाडला तशी त्या वाटेवर गर्दी उसळली. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, टमटम, लग्नाच्या वरातीचा टेम्पोसुद्धा. सगळे बांधाच्या टोकापर्यंत जायचे, ओढ्यातून वळसा घालून गावात शिरायचे आणि पुन्हा यायचे. दर फेरीला फेटे बदललेले, एकाच्या डोक्यावरची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. मामा स्वतः मोजणाऱ्याला चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला पुरवत होते.

दुपार झाल्यावर तो माणूस चष्मा पुसत म्हणाला, “अप्पा, ह्या पांढऱ्या बैलाला मी सकाळपासून ओळखून राहिलो.”

“बैल तोच हाय,” मामा म्हणाले. “गाडीवान बघा की.”

त्या भल्या माणसानं मान खाली घालून सगळं लिहून घेतलं.

आणि त्या लिहिण्यानंच घात केला. आकडे वर गेले. वर कुणीतरी ते वाचून म्हणालं की एवढी वाहतूक असेल तर साधा रस्ता पुरणार नाही, चौपदरी पाहिजे. झालं. जुना प्रस्ताव परत आला, नवा सर्व्हे आला. चौपदरी रस्त्याला जागा जास्त लागते. त्यात कुठं शाळा येऊ लागली, कुठं मारुतीचं देऊळ, कुठं कुणाची विहीर. गावोगाव हरकती आल्या. रेल्वेवाल्यांनी विचारलं, पूल नेमका कोणत्या रस्त्याचा, जुन्या की नव्या? याचं उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं. तेवढ्यात मोठा महामार्ग दुसरीकडून जायचं ठरलं आणि आमच्या रस्त्याची आता गरज नाही, असं सांगून तो विषय बंद झाला. दरम्यान सासूबाई वारल्या होत्या. मेव्हणा हैदराबादला नोकरीला गेला होता. मामा त्या दारात एकटेच बसायचे.

ही बातमी आली त्यानंतरच्या श्रावणातली गोष्ट. मी दुकानात मदनूरकडच्या एका गिऱ्हाइकाला तेलुगूतून टॉवेल दाखवत होतो. पायरीवर कुणीतरी थांबल्यासारखं वाटलं म्हणून पाहिलं, तर मामा. धोतर धुळीनं माखलेलं, हातात पिशवी. मी धावत जाऊन ‘शरणार्थ’ म्हणत नमस्कार केला. त्यांनी हात जोडले, बाकड्यावर बसले, पाणी प्यायले.

“जावईबापू, वाटंत फाटक लागलं,” मग म्हणाले. “लई येळ बसलो. नंदा येती तवा बी असंच लागतंय व्हय?”

मी म्हणालो, बहुतेक वेळा.

“लेकराला घिऊन?”

मी हो म्हणालो. ते हातातला पेला फिरवत राहिले. “माझ्याच बैलांनी रस्ता खाल्ला,” एवढंच म्हणाले.

घरी आणलं. महानंदानं दार उघडलं आणि ती तशीच चौकट धरून उभी राहिली. मामांनी घर पाहिलं. ती कुठं स्वयंपाक करते, कुठं कपडे वाळत घालते, खिडकीतून तिला काय दिसतं, सगळं एखाद्या देवळात फिरावं तसं बघत फिरले. माझी आई कोपऱ्यात गाल फुगवून बसली होती. इतक्या वर्षांचा हिशेब तिच्या ओठांवर होता. पण जेवणाच्या ताटावर बसून मामाच बोलले, आणि तिच्याशी नाही, लेकीशी.

“तुला जवळ दिली म्हणून सांगितलं हुतं म्या. तू त्या नकाशाकडं बघून हाव म्हणाली हुतीस. आता कोणत्या तोंडानं यायचं, म्हणून आलो न्हाई.”

मी आईकडं पाहिलं. तिचे गाल उतरले होते.

महानंदानं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. “अप्पा,” ती म्हणाली, “रस्ता असता तर सकाळी आले असते अन् सांजंला निघाले असते. नव्हता म्हणून दर खेपेला आठ-आठ दिवस राहिले. आई अंथरुणाला खिळली तवा महिनाभर राहिले. इतक्या लांब गेलीय, लगेच कशी येईल, म्हणून हिकडं कुणी बोलावलं बी न्हाई.”

मामा भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसले. मग हळूहळू जेवू लागले. माझी आई उठली आणि तिनं स्वतः त्यांना तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि उदगीरची गाडी कधी आहे म्हणून मला विचारलं. मी सांगायच्या आत महानंदा आली, तिनं पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाली, रस्ता लई खराब हाय, एका दिवसासाठी एवढा प्रवास कुणी करत नसतं.

मामा दिवाळीपर्यंत राहिले. शिरूरहून दुकानातल्या माणसाचा फोन यायचा, अप्पा, कधी येताव? ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसलेले मामा त्याला गंभीरपणे समजावून सांगायचे, “रस्ता लई खराब हाय बाबा. इतक्यात काय निघणं होत न्हाई.”