भाड्याचे पाय आणि विश्रामबागेची ढाल

तिकीट काढून, झाडावर चढून अथवा कुंपणाच्या फटीतून सामना पाहणारे जे थोर गुणग्राही लोक, त्यांनी शेजारचा टीव्ही बंद करवून, चित्त देऊन श्रवण करावे. शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सरे, माघमासी, सांगली प्रांती विश्रामबागेच्या मैदानावर फुटबॉलाचे निमित्ते जे रण जाहले, त्यात कोण कामास आले, कोणाचे गुडघे फुटले आणि ढाल कोणाचे घरी गेली, हा मजकूर पुढील पिढ्यांस ठाऊक असावा म्हणोन लिहिला असे. यात पदरचे काही घातले नाही. जेथे ठाऊक नव्हते तेथे विचारून घेतले, आणि सांगणारे दोन निघाले तेथे कमी ओरडणाऱ्याचे खरे मानिले.

विश्रामबागेत फुटबॉल मंडळ होते. त्याचे सरनौबत राजरत्न, जाईबाईंचे पुत्र, सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन दूध संघाचे प्रयोगशाळेत दूध तपासण्याचे कामी होते आणि संध्याकाळी मंडळाचे गोलात उभे राहत. फौज सारी घरची. ज्याचे बूट स्वतःचे तो शिलेदार, ज्यास मंडळाचे बूट मिळत तो बारगीर आणि दोन्ही नाहीत ते पायदळ, ऐसी जुनी वहिवाट. जत प्रांतीचा गुंडा नामे धनगराचा पोर कॉलेजास सांगलीत राहिला होता, तो डावे बगलेस धावे, आणि त्याचे मागे धावणारास केवळ धूळ दिसे. मंडळाचे आश्रयदाते श्रीमंत वीरधवलराव, ज्यांचे उसाचे मळे मोठे, बुलेट मोठी आणि आवाज त्याहून मोठा.

सातारा-सांगली ढाल म्हणोन जी लाकडी ढाल, तिजसाठी दर साल शिरवळकरांशी गाठ पडे. शिरवळ हे हमरस्त्याचे ठाणे. तेथे पत्र्याचे डबे करणारे कारखानदारसाहेब फुटबॉलाचे शौकीन निघाले. एके साली त्यांनी कोल्हापुराहून एक गारदी, म्हणजे भाड्याचा खेळाडू, आणविला, मोबदला एस.टी.चे भाडे आणि मटणाचे ताट. त्याने गोल केला आणि ढाल शिरवळास गेली. मग वीरधवलरावांनी पुढले साली दोन गारदी आणविले, ताटावर नवे बूट ठेविले. मग कारखानदारांनी गोव्याचे आणविले, बुटांवर मनगटी घड्याळ चढविले. मग वीरधवलरावांनी गोव्याचे थोरले भाऊ आणविले आणि त्यांस झोपावयास वातानुकूलित खोली दिली, आणि मंडळाचे बारगिरांचे बूट काढून गारद्यांचे पायी घातले. ऐसे चढत चढत प्रकरण येथवर आले की, अंतिम सामन्यास फर्मान सुटले: अकराही जागी गारदी उभे राहतील, घरचे पोरांची नावे राखीव म्हणोन यादीत राहतील, आणि ती पोरे मैदानाचे चुन्याचे पट्टे मारतील, बर्फ फोडतील, लिंबे चिरतील.

राजरत्नास हे फर्मान वाचून अन्न गोड लागेना. मंडळ अंतिम फेरीत पोहोचले ते त्याने उपांत्य फेरीत थोपविलेल्या चेंडूंमुळे, आणि आता गोलात पणजीचा कोणी उभा राहणार. तो हुजुरात गेला आणि अर्ज केला.

"दादा, बशीत जंतू वाढवत्यात आमी. दर थोड्या वेळानं दुप्पट हुत्यात. बशी भरायच्या जरा आधी बघितलं तर निम्मी मोकळीच दिसती. जंतूला वाटतं, लय जागा हाय अजून. पुढच्याच फेरीला खुराक संपतो आन् सगळं मरतं. आपलं तसंच चाललंय."

वीरधवलराव शास्त्राचा मान राखणारे. त्यांनी ऐकिले, मान डोलविली आणि राजरत्नाचे पाठीवर थाप मारिली.

"राजा, लय शिकलास गड्या. पर आपल्या बशीला काठच न्हाई!"

"ऊस तर दर साली दुप्पट हुत न्हाई, दादा."

"शिरवळचं डबं तरी कुठं हुत्यात? आदी त्येंची बशी भरंल. आपून फकस्त येक फेरी जास्त टिकायचं."

शिरवळासही हाच सल्ला चालला होता, हे मागाहून कळले.

घरी जाईबाईंनी सामन्यासाठी कामावर सुट्टी टाकिली होती. पुत्र रविवारी खेळे आणि त्यांस रविवारीच कामास जावे लागे, म्हणोन त्याचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. वर्तमान ऐकून त्या इस्त्रीची साडी हाती धरून उभ्या राहिल्या.

"आरं, तू खेळायचा न्हाईस तर मी कुणाला बघाय येऊ? चुन्याला?"

"ये गं आई. पट्टं सरळ मारीन."

"मग येतीच," म्हणाल्या, आणि सामन्याचे दिवशी सर्वांत पुढे जाऊन बसल्या.

रविवार उजाडला. मैदानी खलक लोटली. पंच म्हणोन धोंडीबा सुभेदार, फौजेतून पेन्शनीत आलेले, घड्याळाचे इमानी. मैदानात दिव्यांची सोय नाही, सबब दिवस मावळण्याआधी सामना संपविणे भाग होते. आता या प्रांती जत्रेचे कुस्तीस जशी कर्ण्यावर इनामे पुकारितात, तशी फुटबॉलासही पहिले गोलाची इनामे पुकारण्याची रीत पडली होती. गारदी लोक पक्के व्यवहारी. इनाम पुकारून होईतो बुटाची नाडी बांधणे नाही, हा त्यांचा कायदा. दोन्हीकडचे गारदी मागले महिन्यात एकाच संघातून खेळले होते, म्हणोन ते बावीस जण एकाच कडुलिंबाखाली मंडळ करून बसले आणि कर्ण्याकडे कान लाविले.

वीरधवलरावांनी पितळी घागर पुकारिली. लिंबाखाली कोणी हलेना. कारखानदारांनी दुसरा कर्णा हाती घेतला आणि शिवणयंत्र पुकारिले. मग विश्रामबागेचा रंगीत टीव्ही आला, मग शिरवळचा टीव्ही केबलच्या वर्षाच्या वर्गणीसह आला, मग शोकेस, मग शीतकपाट आले. एका गोवेकराने एक नाडी बांधिली, तो वीरधवलरावांनी आवाज चढविला, म्हणोन त्याने ती पुन्हा सोडिली. मग कारखानदारांनी दुभती म्हैस पुकारिली, आणि लोक आरोळ्या देते जाहले.

"दादा, सोडू नगा! रेडकू बी लावा!"

"शिरवळ म्हशीवर आलं रं!"

इकडे सूर्य कलला. धोंडीबा सुभेदारांनी एकवार शिटी दाखविली, दोनदा दाखविली. हुजुरांचे लक्ष नाही. मग ते मैदानाचे मध्ये जाऊन उभे राहिले आणि हुकूम सोडिला.

"टाइम म्हंजे टाइम! यादीतलं जे मैदानात हायेत त्येच खेळत्याल. बाकीचं भाईर!"

मैदानात कोण होते? चुन्याचे पट्टे मारणारी विश्रामबागेची पोरे, आणि पाहुणे म्हणोन गोलाची जाळी बांधावयास लाविलेली, तैसीच यादीत राखीव असलेली, शिरवळची पोरे. राजरत्नाचे हात कोपरापर्यंत पांढरे. त्याने एकवार लिंबाकडे पाहिले, एकवार आईकडे पाहिले, चुन्याची बादली कुंपणापलीकडे ठेविली आणि गोलात जाऊन उभा राहिला. शिटी जाहली.

गारदी दचकून उठले आणि आत येऊ लागले. सुभेदारांनी कायदा वाचिला की, शिटीनंतर बदली तिघांचीच. ते तिघे कोण, यावर लिंबाखाली तंटा लागला. जो तो म्हणे, इनाम मोठे आहे, मीच जातो. आणि कोणी कोणास सोडीना. सबब त्या दिवशी गारद्यांपैकी कोणीच रणांगण पाहिले नाही. मंडळाचे बूट त्यांचेच पायी राहिले, आणि खेळणे नाही म्हणोन शिलेदारांनी आपले बूट घरीच ठेविले होते. मैदानात दोन्हीकडे शिलेदार नाही, बारगीर नाही, निव्वळ पायदळ लढले. खडे रुतले, नखे उपटली, आणि तरी जो खेळ जाहला तो गारद्यांनीही उभे राहून पाहिला. कर्ण्यावरील दोघे मात्र एकमेकांकडे तोंड करून होते. सामना सुरू जाहला याची खबर त्यांस नव्हती.

दुसरे डावात विश्रामबागेचे एका पोराचा हात चेंडूस लागला आणि शिरवळास पेनल्टी मिळाली. जाईबाईंनी पदर दातांत धरिला. मारणारा पोर सामोरा आला तेव्हा राजरत्नाने त्याचे पाय निरखिले. उजवे अंगठ्यास चिंधी बांधिली होती, रक्त लागले होते. अंगठ्याने मारणे त्यास जमावयाचे नाही, पायाचे आतले बाजूने मारील, तैसे मारिले तर चेंडू आपले उजवीकडे येईल, ऐसा हिशेब मनात जाहला तोच त्याने उजवीकडे झेप टाकिली. चेंडू छातीवर आला. चेंडूवर चुन्याचे दोन पंजे उठले.

"माजा हाय त्यो!" जाईबाई ओरडल्या. शेजारणीने विचारले, कोणता? "त्यो, पांढरा!"

राजरत्नाने चेंडू डावे बगलेस फेकिला. गुंडा सुटला. शिरवळची तीन पोरे मागे लागली आणि धूळ खाती जाहली. त्याच समयी कर्ण्यावर वीरधवलरावांनी म्हशीस उत्तर म्हणोन, जे कोणी मागितले नव्हते ते, आपले स्वारीची बुलेट पुकारिली. आणि शब्द तोंडातून पडून मैदानभर घुमला, तो गुंड्याने गोल केला.

मैदान उसळले. वीरधवलरावांनी वळून पाहिले. बुलेट गेली ती कोणा गोवेकराकडे नव्हे, आपलेच लिंबे चिरणाराकडे गेली, हे उमजण्यास त्यांस काही वेळ लागला. सामना संपताच गुंड्यास समोर उभा केला. श्रीमंतांनी जड हाताने किल्ली पुढे धरिली.

"आवं दादा, मला म्हैसच द्या की. बुलेट दूध देती व्हय?"

श्रीमंतांनी किल्ली इतक्या चपळाईने खिशात घातली की, तैसी चपळाई त्या दिवशी मैदानातही कोणी दाखविली नव्हती. आणि तेथेच हुकूम जाहला की, आजपासून विश्रामबागेत गारदी आणणे बंद, घरचीच फौज उभी राहील, आणि सरनौबत राजरत्न आपले जागी कायम. जाईबाईंनी भरल्या मैदानात पुत्राचे तोंडावरील चुना पदराने पुसिला.

ढाल वाजतगाजत मंडळात आली. जेवणाची पंगत बसली असता शिरवळचे वकील राजरत्नाचे शेजारी येऊन बसले आणि हळूच बोलिले की, कारखानदारसाहेबांस राजरत्नाची झेप, न पाहता केवळ लोकांचे तोंडून ऐकून, बहुत पसंत पडली. पुढले साली शिरवळचे गोलात उभे राहावे, एक नवी कोरी लुना तयार आहे. राजरत्नाने हात जोडून नकार दिला. मात्र नकार देण्याआधी, घास हातात असता, त्याचे मनी जो पहिला विचार आला तो हा की, लुनाच? तो विचार त्याने कोणास कळविला नाही. ढाल आली आणि फत्ते जाहली, एवढेच सर्वांस सांगितले, आणि तेच येथे दाखल केले असे.