डबल बेल

आमचे शेजारी सोनकांबळे मुलांचे चेहरे पाहत नाहीत, बोटं पाहतात. लातूरजवळच्या मुरुडला एका बारशात त्यांनी पाळण्यातल्या बाळाची मूठ उघडली आणि जाहीर केलं, "नाव काय बी ठेवा, पोरगी लेगस्पिनर हाय." नाव ठेवायला आलेली आत्या जेवणापर्यंत फुगून होती.

मुलांनो, तुम्ही लातूर सोडल्यावर ते इथे राहायला आले, म्हणून ओळख करून देते. मूळचे निलंग्याचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. एकटेच असतात. घरात डझनभर बॉल, बॅट एकही नाही. गल्लीत प्रत्येकाला बॅटिंग हवी. ह्यांना बॉलर हवेत. "बॅट्समन म्हंजे ड्रायव्हर, बाई. मिरवायला बरा. पण कंडक्टरनं डबल बेल दिल्याबिगर गाडी हलती का?" हे मी रोज ऐकते. रन-अप सुरू करायलाही ते हात उंचावून "डबल बेल!" असंच ओरडतात. एवढ्या भांडवलावर त्यांनी अकरा मुलं-मुली बॉलिंगला लावली.

दिवाळीनंतर एकदा चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातली बशी वाजू लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही थरथर आता जायची नाही. "पोरांना सांगू नका, बाई. हसतील, अन् पुन्हा बॅटकडं पळतील."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रोज पाचला गॅलरीत बसते. ते हात खिशात घालून शिकवू लागले. पण बॉलची पकड खिशातून कशी दाखवणार? हात बाहेर आला की मी आधी मुलांचे चेहरे पाहते. कुणी पाहिलं तर?

रविवारी पलीकडच्या गल्लीशी सामना होता. खालच्या मजल्यावरची आरती बॉल टाकायला आली. धावण्याआधी तिने मनगट थरथर हलवलं. तिच्यानंतरच्या मुलानेही तेच केलं. मग तिसऱ्याने. नक्कल करताहेत की काय, म्हणून मी खुर्चीतून उठलेच. पाहुण्या मुलांपैकी एकाने विचारलंच, हे काय करायलेत?

"आमच्या काकांची स्टाईल हाय," आरती म्हणाली. "बॉल सोडायच्या आधी हात जागा करावा लागतो. तुम्हाला न्हाई जमायचं."

रेषेपुढे बोटभर पाय गेला तरी सोनकांबळे बॉल पुन्हा टाकायला लावतात. मनगटाची ही चूक मात्र त्यांनी सुधारली नाही. चष्मा काढून पुसला. मग उजवा हात खिशातून काढून सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि बसमधली दोरी ओढावी तसा, थरथरतच, दोनदा खाली ओढला.