प्रश्न चौदावा : तुमचं कोण ऐकतं?

मुलाखतीच्या वेळी नवरा खोलीत नसावा, हा नियम संशोधकानेच केला होता आणि त्याच नियमाने रविवारी सकाळी त्याला स्वतःच्या घरातून बाहेर काढलं.

त्याची संस्था पालिकेच्या कारभाराचा अभ्यास करी. यंदाचा विषय होता, लोकांच्या तक्रारी नेमकं ऐकतं कोण. दर दहावं घर घ्यायचं आणि घरातल्या बाईला तीस प्रश्न विचारायचे. दहावं घर निघालं संशोधकाचंच. विचारायला आला मधाळ. हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण माणूस इतकं गोड बोलायचा की कार्यालयात त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारीत नसे. संचालकांचा तो लाडका, म्हणूनच संशोधकाच्या डोळ्यांत सलायचा.

मुलाखत वीस मिनिटांची. संशोधक जिन्यात पाऊण तास उभा होता. आतून बायको दोनदा खळखळून हसली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्याच्या विनोदावर ती फार तर "पुरे" म्हणे. त्याचा नुसता जळफळाट झाला.

"वहिनी किती छान बोलतात हो!" मधाळ बाहेर येत म्हणाला.

"मला माहीत आहे," संशोधक म्हणाला. खरं तर त्याला माहीत नव्हतं.

मधाळ जिना उतरतो न उतरतो तोच संशोधकाने बायकोला गाठलं. "चौदाव्याला काय सांगितलंस?" चौदावा प्रश्न होता, 'तुमचं म्हणणं कोण ऐकून घेतं?' पर्याय पाच : नगरसेवक, पालिका, शेजारी, नवरा, कोणीच नाही.

"उत्तरं गुप्त असतात ना? तुमचाच नियम."

तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्याला फेरतपासणी आठवली. निवडक घरी दुसऱ्या माणसाने जाऊन काही प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि एक जरी उत्तर जुळलं नाही तरी पहिल्या प्रगणकाने आणलेला उत्तरांचा सगळा गठ्ठा रद्द. घरं निवडणं त्याच्याच हातात होतं. उत्तरही कळेल आणि जमलं तर मधाळची जिरेलही. त्याने गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि स्वतःच्या दाराची बेल वाजवली.

"किल्ली विसरलात?"

"मी फेरतपासणीला आलोय."

बायकोने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मग आधी नवऱ्याला बाहेर काढा."

"अगं, मीच नवरा!"

"म्हणूनच म्हणते."

शेवटी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि ती आत खुर्ची टाकून बसली. शेजारीण जिना उतरता उतरता थांबली.

"प्रगणक सौजन्याने वागला का?"

"फार. मध्ये एकदाही मोबाइल बघितला नाही. लिहा ना, सगळं लिहा."

त्याने दात-ओठ खात लिहिलं. "आता चौदावा."

"त्या दिवशी मी 'नवरा' सांगितलं."

संशोधकाची छाती फुगली.

"परक्यासमोर घरची अब्रू कशाला काढायची? पण तुम्ही काही परके नाही. मोरीतला नळ गळतोय, किती महिने सांगतेय? आता खरं लिहा. कोणीच नाही."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. हे दोन शब्द लिहिले की मधाळचा गठ्ठा केराच्या टोपलीत. पण ते शब्द त्याच्याच अक्षरात, त्याच्याच घराच्या क्रमांकापुढे जाणार होते. शेजारीण वाकून बघत होती. त्याने 'नवरा' लिहिलं आणि घाईघाईने सही ठोकली.

महिन्याभराने संचालकांनी भर बैठकीत मधाळच्या पाठीवर थाप मारली. "फेरतपासणीत एकही उत्तर चुकलं नाही! आणि गंमत म्हणजे, दोनशे घरांत चौदाव्याला 'नवरा' असं एकाच बाईने सांगितलंय. असा नवरा बघायला पाहिजे बुवा. कुठे राहतो?"

"पत्ता सांगता येत नाही, साहेब," मधाळ संशोधकाकडे बघून गोड हसला. "ह्यांचाच नियम आहे."

सगळ्यांबरोबर संशोधकालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. घरी जाताना वाटेत त्याने मनाशी ठरवलं, आजपासून बायकोचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

दार उघडून बायको म्हणाली, "अहो..."

"ऐकतोय, ऐकतोय! अगदी बरोबर आहे तुझं!"

"काय बरोबर आहे? मी अजून बोललेच नाही."