सकाळपर्यंत खुलेल

तिकडे दिल्लीत राज्यांची फेरमांडणी चालली होती, तेव्हा इकडे उज्जैनीच्या फ्रीगंजात अहल्याबाईंनी घराची फेरमांडणी काढली. शेजारच्या बकरीनं ओट्यावरचा मोगरा दोनदा खाल्ला, म्हणून त्यांनी सगळ्या कुंड्या उचलून पुढच्या खोलीत आणल्या. बकरीचा बंदोबस्त झाला. भय्यासाहेबांचा व्हायचा राहिला होता, तो चिलटांनी केला.

भय्यासाहेब रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. शाळा त्यांनी चौथीत सोडली आणि शाळेनंही त्यांना परत बोलावलं नाही. आता सगळ्या जगात त्यांची म्हणावी अशी एकच जागा उरली होती, खिडकीपाशी मांडलेली आरामखुर्ची. तिथे बसून ते पेपर वाचत, सरकारला शिव्या देत आणि दुपारची झोप काढत. (तिन्ही कामं एकदमच चालत.) त्या खुर्चीच्या अगदी मागे फर्नची कुंडी येऊन बसली आणि ओल्या मातीतून बारीक काळी चिलटं उठू लागली. चहात चिलट, चष्म्यावर चिलट, जांभई दिली की घशात चिलट.

"अगं, या कुंड्या तरी बाहेर जातील, नाहीतर मी," भय्यासाहेब म्हणाले.

"बाहेर हवा छान आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "खुर्ची मी लावून देते."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे उत्तर येईल असं त्यांना कळायला हवं होतं. शेवटी तह असा झाला, की रविवारच्या आत भय्यासाहेबांनी चिलटं घालवली तर खुर्ची राहील. नाही घालवली तर खुर्ची ओट्यावर, बकरीच्या शेजारी.

भय्यासाहेब औषध फवारायचा पंप आणायला देवास गेटच्या बाजारात निघाले. सून अलका उज्जैनीतच वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली. ती म्हणाली, "मामंजी, मी येऊ का बरोबर? बोलायला?"

"मला हिंदी शिकवू नकोस."

त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. पण या हिंदीवर सगळी नोकरी झाली, एकही पार्सल भलत्या गावी गेलं नाही. (गेलंही असेल. तक्रारी हिंदीत येत.)

लोखंडी सामानाच्या दुकानात पंप नव्हता. दुकानदारानं विचारलं, "तकलीफ क्या है, बाबूजी?"

"हमारी कुंडी में चिलट बैठ गया है."

"क्या बैठ गया?"

"चिलट. बैठता है तो निकलताच नहीं."

"अच्छा, कुंडी बैठ गई. बारिश में फूल गई होगी."

"फूल कहां से आएगा? पत्ता तक नहीं आता."

दुकानदारानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. पण म्हातारं गिऱ्हाईक, सोडून दिलं. "ऐसा करो, मिट्टी का तेल डालो, भर के. फिर हथौड़ी से हलके-हलके ठोको. रात भर छेड़ना मत. सुबह तक खुल जाएगी."

भय्यासाहेबांना हे एकदम पटलं. म्युनिसिपालिटी गटारात डासांवर रॉकेलच तर ओतते. ठोकल्यानं मातीतली अंडी सुटणार. आणि सकाळी झाड कसं खुलणार. माणूस जाणकार निघाला.

शनिवारी दुपारी सासू-सून भजनाला गेल्या. भय्यासाहेबांनी डबा काढला आणि सगळं रॉकेल कुंड्यांना सारखं वाटलं. मग हातोडी. सुरुवात त्यांनी हलके-हलके केली, यात खोटं नाही. पण एक चिलट हातोडीवरच येऊन बसलं, तेव्हा माणसाचं डोकं किती थंड राहणार?

बायका परतल्या तेव्हा मोगऱ्याची कुंडी तीन जागी होती, क्रोटन आडवा पडला होता, फर्नच्या कुंडीला उभी चीर गेली होती आणि खोलीला स्टेशनातल्या कंदिलांच्या कोठडीसारखा वास सुटला होता. चिलटं तेवढी छताला बसून खाली बघत होती.

अलकानं हळूच विचारलं, "मामंजी, दुकानात तुम्ही काय बोललात आणि तो काय म्हणाला? शब्दाला शब्द सांगा."

त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या, तेल, ठोकणं, रात्रभर न छेडणं, खुलणं, सगळं. अलकाचा पदर तोंडाशी गेला.

"मामंजी, हिंदीत कुंडी म्हणजे दाराची कडी. आपल्या कुंडीला ते गमला म्हणतात. त्यानं तुम्हाला अडकलेली कडी काढायचा उपाय सांगितला."

भय्यासाहेबांनी हातोडी खुर्चीखाली सरकवली. मग म्हणाले, "मग हे त्यानं सांगायला हवं होतं. भाषा त्याची आहे. आधी कडी-कुंडीचं काय ते एक ठरवा, मग राज्यं जोडा म्हणावं."

एवढ्यावर निभावलंही असतं. पण अहल्याबाई फर्नपाशी खाली बसल्या होत्या. चिरेतून त्यांनी बोटांनी काहीतरी उकरलं, हुंगलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. सुंठीचा तुकडा. मग गुळवेलीची कांडी. मग दालचिनी.

"अहो, हा तुमच्या पोटाचा काढा ना? दोन्ही वेळ गूळ घालून मी देते तो?"

"झाडाचंही पोट असतं," भय्यासाहेब म्हणाले.

"तरीच. मी आठवड्याला एकदा पाणी घालणार आणि माती कायम ओली. वर गूळ. ही चिलटं आली नाहीत. ही तुम्ही पाळलीत."

भय्यासाहेबांनी सरकारविषयी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण कोणी थांबलं नाही. खुर्ची ओट्यावर गेली. बकरी उठून थोडी सरकली आणि पेपरची एक बाजू खाऊ लागली.

दिवेलागणीला आतून वांग्याच्या भाजीचा वास आला. भय्यासाहेबांनी दार ढकललं. हललं नाही.

"अगं, कडी बसली की काय?"

"बसली आहे," आतून शांत आवाज आला.

"मग काढ."

"कशानं काढू? रॉकेल तर तुम्ही संपवलंत. आता हलके-हलके ठोका आणि छेडू नका. सकाळपर्यंत खुलेल."